प्रमाणनेत्र

संयोगिताचे डोळे तिच्या आईनेच तपासले. एकदा तपासून समाधान होईना म्हणून पुन्हा पुन्हा तपासले. दर वेळी डोळा मोजणाऱ्या लहरमापीच्या पडद्यावर तोच हिरवा शब्द उमटला : 'प्रमाणात'.

"बघ, काही नाही," वसुधा म्हणाली. "डोळा अगदी व्यवस्थित आहे."

"मग मनगटं तीन का दिसली?" संयोगिताने विचारलं. "लढतीत सांगलीच्या पोरीचं मनगट धरायला गेलो, तर तीन मनगटं. मधलं धरलो, ते खोटं निघालं. पुढच्या क्षणाला मी आभाळ बघत होतो."

कोल्हापूरच्या पोरींसारखी ती 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. आईने सुधारायचा नाद कधीच सोडला होता. कुस्तीचा नाद तर बापाकडून आलेला, आणि बाप गेल्यावर तो मोडण्याची वसुधाला छाती झाली नाही. विशीतली पोरगी, मानेने खांबासारखी, आणि निवड चाचणी तोंडावर आलेली.

"चष्मा घातल्यावर?"

"घातल्यावर झकास. पण आखाड्यात चष्मा चालत नाही ना. काढला की प्रत्येक दिव्याला खाली शेपूट लोंबतं. माणसाला माणूस चिकटलेला दिसतो."

"चष्मा काढल्यावर सगळ्यांनाच अंधुक दिसतं बाळा. म्हणून तर चष्मा."

"अंधुक न्हवं आई. तीन."

डॉ. वसुधा इंगवले 'नितळ' प्रयोगशाळेच्या प्रकाशविज्ञान विभागाची प्रमुख होती. कोल्हापूरच्या वेशीवर जिथे पूर्वी ओतीव लोखंडाचे कारखाने धडधडत, तिथे आता नितळ चष्मे तयार होत. त्या चष्म्याच्या दोन काचांमध्ये एका पारदर्शक रसाचा पातळ थर होता आणि त्याची जाडी हजारो ठिकाणी वेगवेगळी करता येई. चष्मा डोळ्यात न दिसणारा एक मंद किरण सोडायचा. तो आतल्या पडद्यावरून परत येताना डोळ्याच्या जेवढ्या खोडी असतील तेवढ्या घेऊन यायचा. चष्म्यातला लहरमापी त्या खोडी मोजायचा आणि रसाचा थर नेमका त्यांच्या उलट वाकवायचा. खोड अधिक उलटी खोड, बाकी शून्य. चष्म्याचा 'नंबर' हा शब्द नव्या पोरांना आता समजावून सांगावा लागे. लोक सकाळी उठल्याबरोबर चष्मा घालत आणि झोपताना काढत. मध्ये कधी दृश्य हललं, तर चष्मा काढायचा, डोळे मस्त चोळायचे, पुन्हा घालायचा, की सगळं लख्ख. प्रयोगशाळेतल्या बैठकीआधी सगळी विद्वान मंडळी एकदम डोळे चोळायला लागत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

डोळा खरोखर बिघडला तर सांगायची सोयही चष्म्यात होती. प्रत्येक डोळा तो 'प्रमाणनेत्रा'शी ताडून बघे आणि फरक फार असला तर लाल सूचना देई. हा प्रमाणनेत्र म्हणजे वसुधाचा अभिमान. पूर्वी परदेशी पुस्तकांतला डोळा प्रमाण मानत. तिने भांडून तो काढायला लावला. आपल्या माणसांना आपल्याच माणसांचं माप हवं, असं तिचं म्हणणं होतं. नितळ वापरणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांची सरासरी काढायची, तोच प्रमाणनेत्र, आणि दर पाडव्याला तो नव्याने काढायचा. हे मंजूर झालं त्या दिवशी सभागृहात मोठा टाळ्यांचा गजर झाला होता.

आता त्याच प्रमाणनेत्राने तिच्या लेकीला हिरवा शेरा दिला होता, आणि लेक खोटं बोलणारी नव्हती.

वसुधाने प्रयोगशाळेच्या संचालकांना गाठलं. श्रीरंग पोतनीस स्वभावाने सज्जन, पण आकड्यांपुढे मान तुकवणारे.

"वसुधाताई, तुमचंच यंत्र आहे," ते म्हणाले. "त्याच्यावर तुमचाच विश्वास नाही म्हटल्यावर मी काय बोलू? थकली असेल पोर. डोक्याला मार वगैरे?"

"डोकं तपासून झालं. डोक्यात काही नाही."

"मग डोळ्यातही नाही."

मग वसुधाने लेकीला नेत्रकेंद्रात नेलं. तिथे माणूस नव्हताच. मोतीबिंदू काढणारी यंत्रं होती, आणि तपासायला नितळचाच लहरमापी. हिरवा शब्द. वसुधा घरी बसून जुने वैद्यकीय ग्रंथ चाळू लागली आणि एके दुपारी तिला ते वर्णन सापडलं. दिव्याला शेपूट, एकाची तीन. केरॅटोकोनस. डोळ्याच्या दर्शनी भागावरची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल, पातळ होत जातं आणि शंकूसारखं पुढे येतं. तरुणपणी झपाट्याने वाढतं. थांबवता येतं, मागे नेता येत नाही. आणि फार पातळ झाल्यावर थांबवताही येत नाही; एखाद्या दिवशी आतला पदर फाटतो, डोळ्यातलं पाणी काचेत शिरतं आणि डोळा पांढरा पडतो. ते वाक्य तिने पुन्हा वाचलं नाही. एकदा वाचलं तेच पुरे होतं.

आता हवा होता एक माणूस. पारपटलाकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघणारा एक नेत्रवैद्य. तो मात्र कुठे मिळेना. एक होते, त्यांनी विमा कंपनीत नोकरी धरली होती. दुसऱ्या बाई प्रेमाने बोलल्या, पण त्यांचा हात सुटून बारा वर्षं झाली होती. तिसऱ्यांच्या घरी त्यांच्या सुनेने फोन घेतला आणि सासरे गेल्याचं सांगितलं. रुग्णच उरले नाहीत तर डॉक्टर कशाला उरतील? आणि रुग्ण कुणी संपवले, हे वसुधाला कुणी सांगायला नको होतं. रोज ती संयोगिताला चष्मा काढायला लावायची आणि खिडकीबाहेरच्या दिव्याची किती शेपटं दिसतात ते विचारायची. शेपूट वाढल्यासारखं वाटलं की तिला जेवण जात नसे.

शेवटी वाट दाखवली ती तालमीच्या वस्तादांनी. हिंदुराव मोळे हे संयोगिताच्या वडिलांचे जोडीदार. पोरीचं ऐकून ते घरी आले, चहा झाला, आणि बराच वेळ मिशी कुरवाळून म्हणाले, "वहिनीसाहेब, राग येणार नसंल तर एक सांगू का? आमच्या म्हशीच्या डोळ्यात फूल पडलं हुतं. डोळा गेल्यातच जमा. आजऱ्याला एक म्हातारा हाय, त्यानं कसला निळा दिवा लावला आणि डोळा वाचवला. मूळचा माणसांचाच डॉक्टर हाय म्हनं."

वसुधाला राग आला नाही. निळा दिवा हे शब्द ग्रंथातही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही आजऱ्याच्या रस्त्याला लागली.

डॉ. पास्कल बारदेस्करांचा दवाखाना बाजाराच्या टोकाला, काजूच्या झाडाखाली होता. पायरीशी एक म्हैस बांधलेली आणि तिचा एक डोळा फडक्याने झाकलेला. डॉक्टर ऐंशीकडे झुकलेले, वाळकुडे, नाकावर जाड भिंगांचा साधा चष्मा, जो दाखवायला लोक आता मुलांना संग्रहालयात नेत. त्यांनी गाडीतून उतरलेल्या तिघांकडे पाहिलं.

"जनावर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"माणूस आहे," वसुधा म्हणाली. "माझी मुलगी."

"माणूस?" म्हाताऱ्याने हात धुवायला घेतले, आणि जरा जास्तच वेळ धुतले. "फार वर्षांनी आलात. म्हशी चष्मा घालत नाहीत म्हणून माझं दुकान चाललंय. या आत."

आत सगळं जुनं होतं, पण लख्ख. त्यांनी संयोगिताला खुर्चीत बसवलं, यंत्राला हातही लावला नाही, नुसतं म्हणाले, "चष्मा काढ. आता खाली बघ. जमिनीकडे."

तिने खाली पाहिलं. तिची खालची पापणी, जी सरळ राहायला हवी, ती मध्ये टोक निघाल्यासारखी पुढे आली. डॉक्टरांनी वसुधाला बोटाने दाखवलं. "पापणीच्या आत शंकू आहे, म्हणून पापणी असं टोक काढते. केरॅटोकोनस. याला कसलं यंत्र लागत नाही, फक्त बघणारा लागतो."

इतके दिवस जे कुणी मानत नव्हतं ते कुणीतरी मानलं, आणि वसुधाला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्या शब्दाचा अर्थ तिच्या ध्यानात आला आणि तिने खुर्चीची पाठ धरली.

"हे होतं कशानं?" वस्तादांनी विचारलं.

"पारपटल हे बारीक धाग्यांचं असतं. धागे एकमेकांना धरून असतात तोवर ते गोल राहतं. धरलेलं सुटलं की आतला दाब त्याला पुढे ढकलतो. फुगा एका जागी पातळ असला तर फुगवताना तिथेच पुढे येतो ना, तसं. काहींच्या रक्तातच असतं. पण रक्तात नसलेल्यालाही डोळे चोळून चोळून हे ओढवून घेता येतं." ते संयोगिताकडे वळले. "डोळे चोळतेस?"

"दृश्य हललं की चोळतो. सगळेच चोळतात की."

"सगळेच? का?"

"चोळल्यावर नीट दिसतं."

"तसं नाही ते," वसुधा मध्येच बोलली. तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. "चोळल्यामुळे काही होत नाही. चष्मा काढून पुन्हा घातला की तो डोळा पुन्हा मोजतो. नीट दिसतं ते त्या मोजण्यामुळे. चोळणं फुकट असतं."

"हे तुम्हाला माहीत आहे बाई," डॉक्टर म्हणाले. "लोकांना?"

वसुधाने स्वतः सकाळपासून गाडीत कितीदा चष्मा काढून डोळे चोळले होते, ते तिला आठवायचं नव्हतं.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. पारपटलाचा वरचा नाजूक थर सुन्न करून काढायचा. मग अर्धा तास पिवळ्या जीवनसत्त्वाचे थेंब घालायचे. ते मुरले की अतिनील दिवा लावायचा. थेंब आणि उजेड मिळून सुटलेले धागे पुन्हा एकमेकांना सांधतात. या सांधणीने डोळा सुधारत नाही, पण आहे तिथे थांबतो. जनावरांच्या जखमांनाही हेच लागू पडतं, म्हणून थेंब आणि दिवा दोन्ही त्यांच्याकडे ताजे होते.

"एकच अट आहे. पारपटल निदान चारशे मायक्रॉन जाड हवं. त्याच्याखाली असलं तर उजेड आरपार जातो आणि आतला थर जाळतो. तो थर पुन्हा उगवत नाही."

त्यांनी कोपऱ्यातल्या पृष्ठमापीवरचं कापड काढलं. हे यंत्र पारपटलाचा चढउतार नकाशासारखा रंगवायचं आणि जाडीही सांगायचं. संयोगिताने हनुवटी टेकवली. पडद्यावर उजव्या डोळ्याचा नकाशा आला, खालच्या बाजूला लालभडक डाग. जाडी चारशे एकतीस.

"चारशेच्या वर आहे," वसुधा म्हणाली. "मग आजच करा."

डॉक्टर जागचे हलले नाहीत. "आकड्याला फक्त एकतीसची माया आहे. आणि या यंत्राने गेली कित्येक वर्षं म्हशीच बघितल्यात. ते पन्नासाने चुकत असेल तर मी आज या पोरीचा डोळा स्वतःच्या हाताने घालवीन. एखाद्या चांगल्या डोळ्यावर ताडून बघितल्याशिवाय मी दिवा लावणार नाही."

"माझा घ्या," वसुधा चटकन म्हणाली. "दर आठवड्याला प्रयोगशाळेत माझीच तपासणी आधी होते. माझा डोळा अगदी प्रमाणात आहे."

तिने चष्मा काढला, हनुवटी टेकवली. यंत्र गुणगुणलं. पडद्यावर लाल डाग आला, लेकीच्या डागापेक्षा मोठा आणि जास्त गडद. जाडी तीनशे बावन्न.

डॉक्टरांनी काच पुसली, पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"माझा बघा," वस्ताद म्हणाले. "आपली नजर घारीची हाय. चष्म्यानं एकदाबी लाल दाखवलं न्हाई." त्यांचाही डाग लाल निघाला. जाडी तीनशे अठ्ठ्याऐंशी.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं आणि ते त्यावर हात ठेवून उभे राहिले. "बिघडलंय. ज्याला त्याला शंकू दाखवतंय. माफ करा बाई. दुसरं यंत्र मिळवा, थेंब आणि दिवा माझ्याकडे आहेत. पण याच्या भरवशावर नाही."

दुसरं यंत्र कुठेच नव्हतं. वसुधाचं सगळीकडे विचारून झालं होतं; असली यंत्रं भंगारात गेली ती नितळमुळेच. लेकीचा डोळा रोज थोडा थोडा पातळ होणार, एकतीस मायक्रॉनची माया संपणार, आणि आपण हातात औषध असून बघत राहणार. संयोगिता खुर्चीत बसूनच आईकडे बघत होती, आणि आखाड्यात कुणाला न भ्यायलेली ती पोर भ्यालेली होती.

भीतीने माणसाचं डोकं बंद पडतं, पण वसुधाचं डोकं वर्षानुवर्षं मापं घेऊन तयार झालेलं होतं. यंत्र सगळ्यांनाच शंकू दाखवतंय, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना म्हणजे कुणाला? तिघांना. आणि तिघांत सारखं काय?

"डॉक्टर," तिने विचारलं, "तुम्ही नितळ कधी घातलाय?"

"एकदा सुद्धा नाही. हट्ट म्हणा."

"डोळे चोळता?"

"मी हा विषय शिकवायचो बाई."

"मग बसा या खुर्चीत."

म्हाताऱ्याने जाड चष्मा काढून खिशात ठेवला आणि तो रुग्णाच्या जागी बसला. यंत्र वसुधाने चालवलं. पडद्यावर गोल, शांत, हिरवानिळा नकाशा उमटला, कुठेही लाल ठिपका नाही. जाडी पाचशे चाळीस. तिने दुसरा डोळा मोजला. तोही तसाच.

"यंत्र ठीक आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, जरा जमिनीकडे बघता?"

तिने पाहिलं. तिला स्वतःची पापणी दिसणार नव्हती, पण वस्तादांनी श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं.

ती पुढे बोलत राहिली ती स्वतःलाच समजावल्यासारखी. "चष्मा खोड झाकतो. शंकू वाढला की दृश्य किंचित हलतं. माणूस चष्मा काढतो, चोळतो, घालतो. चष्मा नवी खोड मोजतो आणि तीही झाकतो. माणसाला वाटतं, चोळल्याचा गुण आला. म्हणून तो आणखी चोळतो. आणि शंकू आणखी वाढतो."

"पण तुमच्या चष्म्यात लाल इशारा आहे म्हणता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"फरक फार पडला तर. पण फरक कशाशी? सरासरीशी." ती थांबली. "सगळ्यांचे डोळे एकदमच बिघडत गेले. दर पाडव्याला आम्ही सरासरी नवी काढली. म्हणजे दर पाडव्याला शंकू थोडा जास्त प्रमाणात बसला."

तिने पिशवीतून आपला जादाचा चष्मा काढला आणि न विचारताच डॉक्टरांच्या नाकावर चढवला. क्षणभराने काचेच्या कडेला लाल अक्षरं आली : 'डोळा प्रमाणाबाहेर. नेत्रकेंद्रात जा.'

डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्या हातात परत दिला. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला आजारी ठरवलं," ते म्हणाले, पण त्यांना हसू आलं नाही.

"म्हंजे आपली पोरगी आजारी न्हाईच?" वस्तादांनी विचारलं.

"आहे," वसुधा म्हणाली. "पण आपल्या तिघांत सगळ्यात कमी आजारी तीच आहे. आखाड्यात चष्मा काढावा लागतो, म्हणून तिला कळलं तरी. आपल्याला कळणारच नव्हतं."

"आई, तुझे तीनशे बावन्न," संयोगिता म्हणाली. एवढा वेळ ती गप्प होती आणि आकडे तिने बरोबर ऐकले होते. "चारशेच्या खाली दिवा लावत नाहीत ना?"

उत्तर डॉक्टरांनी दिलं. "मग कलम करावं लागतं. मेलेल्या माणसाचं निरोगी पारपटल शिवायचं."

"निरोगी कुणाचं?" संयोगिताने विचारलं.

डॉक्टर थेंबांची बाटली उजेडात धरून बघत राहिले. चष्मा घालून मेलेल्या माणसाचा डोळा कुणाच्या उपयोगाचा नव्हता, आणि न घातलेली माणसं राज्यात किती असतील, हा हिशेब वसुधाच्या मनात आपोआप सुरू झाला. तिने तो बंद केला.

"माझं नंतर," ती म्हणाली. "हिचा उजवा आज करा. डावा जमेल तेव्हा लगेच."

संयोगिताला टेबलावर निजवलं. डोळा सुन्न केला, वरचा थर अलगद काढला, पिवळे थेंब सुरू झाले. म्हाताऱ्याचा हात किंचितही हलत नव्हता. वसुधा लेकीची बोटं धरून उभी होती.

"आई, तू बाहेर जा," संयोगिता पडल्या पडल्या म्हणाली. "तू बोटं आवळतेयस, ते मला लागतंय."

वसुधा बाहेर काजूच्या सावलीत आली आणि पोतनीसांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एका खेड्यातलं जुनं यंत्र, तेही म्हशींचं. आणि चार माणसं. याच्यावरून काय करायचं म्हणता?"

"प्रमाणनेत्र बदला. पहिल्या वर्षीचा काढून लावा, तो अजून साठवलेला आहे. आणि सगळ्यांना सांगा, डोळे चोळू नका."

"पहिल्या वर्षीचा लावला तर लाखो लोकांना एकाच दिवशी लाल दिसेल. वसुधाताई, लोक घाबरतील."

"घाबरायलाच हवं."

"आणि जातील कुठे? तुम्ही स्वतः एक डॉक्टर शोधायला किती वणवण केलीत? सगळ्या राज्याला एक म्हातारा पुरेल? त्यापेक्षा आहे ते चालू दे. चष्मा झाकतोय ना? लोकांना दिसतंय ना?"

हा प्रश्न खोटा नव्हता, म्हणूनच तो तिला सहन झाला नाही. "एक दिवस रसाचा थर वाकायचा तेवढा वाकून होईल," ती म्हणाली. "त्या दिवशी सगळे एकदम आंधळे होतील, आणि तेव्हा दिवा लावण्याइतका जाड डोळा कुणाचाच उरणार नाही. आज काहींचा उरलाय. पोरांचा तर नक्की. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या घरातल्या चष्म्यांना पहिल्या वर्षीचा प्रमाणनेत्र लावा आणि काय रंग येतो तो बघा. फक्त घरातल्या. त्याला समितीची परवानगी लागत नाही."

पलीकडून फोन बंद झाला. बांधलेली म्हैस शांतपणे रवंथ करत होती. आत निळा दिवा लागल्याचा उजेड खिडकीच्या काचेवर दिसला. वसुधाने चष्मा काढला आणि त्या खिडकीकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच ती नुसत्या डोळ्यांनी काही बघत होती. एका खिडकीच्या चार झाल्या, प्रत्येकीला खाली निळं शेपूट, आणि आत उभा असलेला म्हातारा कुठल्या खिडकीत खरा आहे ते तिला सांगता आलं नसतं. तिने घाईने चष्मा परत घातला. खिडकी एक झाली. त्या एका खिडकीचीच तिला आता भीती वाटली.

वस्ताद बाहेर आले. "झालं बघा वहिनीसाहेब. दिवा बंद केला. पट्टी बांधायलेत. डॉक्टर म्हनाले, पोरीचा डोळा आता हाय तिथंच ऱ्हाईल."

ती ऐकतच पायरीवर बसली. एवढ्यात फोन वाजला.

"वसुधाताई," पोतनीसांचा आवाज होता, पण त्यातला संचालक निघून गेला होता. "मी लावून बघितला. बायकोला लाल. मला लाल. आणि धाकटा नववीत आहे माझा, त्यालाही लाल. सगळ्यांत जास्त त्याचाच. मी सगळ्यांना लावायला सांगितलंय. पण आधी मला सांगा, त्याला कुठे घेऊन येऊ?"

तिने आजऱ्याचा पत्ता सांगितला. बाजाराच्या टोकाला, काजूच्या झाडाखाली. माणसांची आणि म्हशींचीही रांग असेल, उभं राहावं लागेल, हेही सांगितलं.

"तुमच्या मुलीचं झालं?"

"झालं. वाचला तिचा."

"याचाही वाचेल ना?"

"जाडी मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आजच निघा."

"निघतोय. पण तो रडायला लागलाय हो. ऐकतच नाही. मघापासून नुसता रडतोय."

"रडू द्या त्याला," वसुधा म्हणाली. "फक्त डोळ्यांना हात लावू देऊ नका. गाडीत त्याच्याजवळ बसा आणि दोन्ही हात धरून ठेवा त्याचे."

तिने फोन खाली ठेवला. आता तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लेकीचा डोळा वाचला म्हणून आणि बाकीच्या सगळ्यासाठी. उजवा हात सवयीने चष्म्याखाली गेलाच होता. तिने तो डाव्या हाताने मनगटाशी पकडला, ओढून मांडीवर आणला आणि तिथेच दाबून धरला. पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं आणि पदरावर पडू लागलं. तिने ते पुसलं नाही.